नाव ठेवणारी

निर्मला बोरसेच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकत नसत. मधलं आणि त्याच्या शेजारचं. एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात असताना ती दोन्ही बोटं मशीनखाली आली होती. हाडं जुळली, पण सांधे ताठच राहिले. कीबोर्डवर हात ठेवला की ही दोन बोटं लग्नात रुसून बसलेल्या पाहुण्यांसारखी बाजूला राहायची आणि बाकीची कामाला लागायची. तरीही पांडेसऱ्याच्या आमच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये कम्प्युटरवर तिच्याइतकं झटपट काम कोणाचंच होत नव्हतं. माझंसुद्धा नाही. हे शेवटचं वाक्य लिहायला मला बराच काळ लागला.

मी मिलच्या कम्प्युटर खात्याचा प्रमुख. खातं म्हणजे एसीची एक खोली, एक सर्व्हर आणि आम्ही दोघं. माझ्याकडे इंजिनिअरिंगची पदवी. ती बारावी, तीही लिंबायतच्या म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेतून सुरुवात करून. माझी दहाही बोटं चालतात, न बघता चालतात. मिलमध्ये सगळे तिला गुजराती पद्धतीनं निर्मलाबेन म्हणायचे. मी तोंडावर ताई म्हणायचो, अहोजाहो करायचो, पण मनात कायम एकेरीत बोलायचो. इथंही एकेरीतच लिहितो, कारण तेच खरं आहे.

ती आली तेव्हा चाळिशीच्या जवळ होती. काम साधं होतं. कापडाचा कोणता लॉट कोणत्या मशीनवर चढला, कधी उतरला, हे भरायचं. पण आमच्या सर्व्हरवर चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळा पडदा, त्यावर आज्ञा लिहायची, एंटर दाबायचं. एखादा लॉट शोधायचा तर दीड ओळीची आज्ञा. मी ती तिला कागदावर लिहून दिली आणि मजा बघत बसलो. ती एकेक अक्षर शोधून दाबायची, कुठंतरी चुकायची, पुन्हा पहिल्यापासून. दोन दिवस असं चाललं. तिसऱ्या दिवशी तिनं खुर्ची माझ्याकडे फिरवली.

"भाऊ, तू हे रोज एवढं लिहितोस?"

ती सगळ्यांना अरेतुरे करायची. तिच्या घरात अहिराणी, आणि अहिराणीत अहोजाहोचं फार चालत नाही. माझ्या घरचेही खानदेशातलेच, मला हे ठाऊक होतं. तरी ते 'तू' मला दर वेळी टोचायचं.

"लिहावं लागतं."

"रोज तेच?"

"लॉट नंबर बदलतो ना."

"मग नंबर तेवढा लिहू. बाकीचं त्याला पाठ नाही का होत?"

"पाठ करून देता येतं," मी म्हणालो. "एलियास म्हणतात. लांबलचक आज्ञेला छोटं नाव द्यायचं. जास्त काम असेल तर फंक्शन लिहायचं. पण ते तुमच्यासाठी नाही, ताई. ते पुढचं आहे."

तिनं तिच्या हाताकडे बघितलं. "माझ्यासाठीच आहे मग. मला तर आठच बोटं आहेत."

मी सहा वर्षं त्या सर्व्हरवर काम करत होतो. एलियास म्हणजे काय हे मला कॉलेजपासून माहीत होतं. मी एकही केलेला नव्हता. कशाला करू? मला टायपिंगचा कंटाळा नव्हता, उलट ऐट होती. छोटे शेठ खोलीत आले की मी मुद्दाम लांब आज्ञा खडखड वाजवायचो.

तिनं महिन्याभरात काय केलं ते सांगतो. प्रत्येकाच्या सर्व्हरवरच्या खात्यात एक लपलेली फाईल असते, तिचं नाव टिंबानं सुरू होतं. शेल, म्हणजे काळ्या पडद्यामागचं आज्ञा वाचणारं प्रोग्रॅम, उघडताना आधी ती वाचतं. तुम्ही ठरवलेली नावं त्यात ठेवायची. निर्मला तिला टिंबाची फाईल म्हणायची. रोज जेवणाच्या सुट्टीत, एका हातात कळण्याची भाकरी आणि दुसऱ्या हातानं फोनवर इंग्रजी शब्दांचा अर्थ बघत, ती त्या फाईलमध्ये एक-दोन ओळी घालायची. आणि नावं? नावं सगळी घरची. लॉट शोधायचा तर 'कथाशे' आणि पुढे नंबर. म्हणजे, कुठं आहे. मशीन बंद पडलं की 'कायव्हयनं', म्हणजे काय झालं. तेवढं लिहिलं की लगेच त्या मशीनच्या नोंदीतल्या शेवटच्या वीस ओळी समोर. अडकलेला प्रोग्रॅम पुन्हा सुरू करायला नुसतं 'ऊठ'. रोमन अक्षरांत लिहिलेली अहिराणी. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मोठ्यानं हसलो.

"ताई, हे कम्प्युटर आहे, तुमचा ओटा नाही."

"त्याला कुठं कळतं कोणती भाषा," ती म्हणाली. "मला लक्षात राहिली म्हणजे झालं."

तिचा एक नियम होता. कोणतंही काम तिसऱ्यांदा लिहावं लागलं की त्याला नाव ठेवायचं. पहिल्यांदा लिहिलं, चालेल. दुसऱ्यांदा, ठीक. तिसऱ्यांदा तोच मजकूर हातातून जायला लागला की ती थांबायची आणि म्हणायची, "याचं बारसं करू." आपल्या भाषेत 'नाव ठेवणं' याचे दोन अर्थ आहेत. त्या खोलीत ते दोन्ही चालू होते. ती कामांना नाव ठेवत होती आणि मी तिला नावं ठेवत होतो. कॅन्टीनमध्ये, फोनवर, घरी बायकोजवळ. बारावी पास बाई. दोन ओळी शिकली आणि मिरवते. खरं म्हणजे ती मिरवत नव्हती. मिरवली असती तर माझ्या पोटात कमी दुखलं असतं.

तिची दुसरी सवय एंटरची. ओळ लिहून झाली की ती कीबोर्डवरून हात उचलायची, मांडीवर ठेवायची, ओठ हलवत ओळ वाचायची आणि मगच एंटर दाबायची. "एंटर म्हणजे सही," म्हणायची. "वाचल्याशिवाय सही करू नाही." चालू मशीनांच्या सर्व्हरवर असली की पडद्यावर ओळीच्या सुरुवातीला येणारं तिचं नाव लाल दिसायचं, सरावासाठी ठेवलेल्या जुन्या कम्प्युटरवर हिरवं. तेही तिनंच करून घेतलेलं. लाल दिसलं की ती पदर खोचायची. खरंच खोचायची. मी हे सगळं तिरक्या डोळ्यानं बघायचो आणि तिला ते कळणार नाही याची काळजी घ्यायचो.

आणि एक होतं 'थांब'. पुसून टाकायची आज्ञा दिली की शेल विचारत नाही, फाईल जाते ती जातेच. निर्मलानं असं करून ठेवलं की तिच्या खात्यात पुसायची आज्ञा दिली तरी आधी 'थांब' चालायचं. ते फाईल पुसायचं नाही, तारीख घालून एका फोल्डरमध्ये नेऊन टाकायचं. त्या फोल्डरचं नाव उकिरडा. "उकिरड्याचेही पांग फिटतात, भाऊ," ती म्हणाली. मी म्हणालो, सर्व्हरवर कचरा साठवू नका.

आमचे कलर मास्तर मिश्राजी आधी माझ्याकडे यायचे. दारातूनच ओरडायचे, "हेमंतभाई, चार सौ बारह का क्या हुआ?" मी लिहायला लागायचो. लिहीपर्यंत निर्मलाचं 'कथाशे' होऊन जायचं आणि ती म्हणायची, "तीन नंबर जेट मशीनवर, मास्तर, अजून चाळीस मिनिटं." महिन्याभरात मिश्राजींनी दारातून माझं नाव घेणं सोडलं. मग छोटे शेठ, विरलभाई. ते परदेशात शिकून आलेले, नव्या गोष्टींचं वेड. एकदा तिच्या खुर्चीमागे उभे राहून पंधरा मिनिटं बघत राहिले. जाताना मला म्हणाले, "हेमंतभाई, आ निर्मलाबेन पासेथी शीखवा जेवुं छे, हं." यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. मी हसून मान डोलावली. त्या दिवशी घरी जाताना उधन्याच्या रेल्वे फाटकावर गाडी पुढे निघून गेली तरी मी बाइक तशीच उभी ठेवली होती. मागच्यांनी हॉर्न वाजवले तेव्हा भानावर आलो.

मग ती भाचीच्या लग्नाला शिंदखेड्याला गेली, आठ दिवस. त्याच आठवड्यात मोठ्या गिऱ्हाईकाची माणसं तपासणीला येणार होती. कोणताही लॉट नंबर ते सांगणार आणि आम्ही त्याचा सगळा प्रवास दाखवायचा. विरलभाई म्हणाले, "तमे करी लेशो ने?" म्हटलं, करतो की.

मी तिची टिंबाची फाईल उघडली आणि माझ्यासाठी एक प्रत काढून घेतली. खात्याचा प्रमुख म्हणून मला सगळ्यांच्या फाईली उघडता येत होत्या. वर काही ओळी शेरे होते, शेल वाचत नाही तसे, माणसांसाठी लिहिलेले. पहिलीच ओळ होती: एलियास असतं हे हेमंतभाऊनं सांगितलं.

मी ती ओळ वाचली, आणि सगळ्यात आधी तीच पुसली. मग बाकीचे शेरे काढले. मग एकेक अहिराणी नाव काढून इंग्रजी नाव घातलं. 'थांब' मला नको होतं; मला पुसताना विचारणारं कोणी नको होतं. उरलेलं सगळं माझ्या खात्यात ठेवलं. तपासणीवाल्यांनी नंबर सांगावा आणि मी दोन शब्द लिहून सगळं पडद्यावर आणावं, असं दीड तास चाललं. ते खूश, विरलभाई खूश. मोठ्या शेठांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी एकदाही म्हणालो नाही की हे निर्मलाबेननं लिहिलंय. म्हणायला जागा तीनदा आली होती. मी मोजलं होतं.

ती परत आली, डब्यात लग्नाचे लाडू घेऊन. सगळ्यांकडून ऐकलं तिनं. दुपारी माझ्या पडद्याजवळ येऊन उभी राहिली.

"दाखव ना, काय केलंस ते."

मी दाखवलं. दुसरं करणार काय. तिनं ओठ हलवत सगळी फाईल वाचली, वरपासून खालपर्यंत. मला वाटलं आता बोलेल, आता बोलेल.

"नावं मस्त ठेवलीस," ती म्हणाली. "पण 'थांब' काढलंस. बाकी काही पण ने, भाऊ, 'थांब' ठेव. तुझा हात फास्ट आहे."

तिनं मला चोर म्हटलं असतं तर मी भांडलो असतो आणि भांडून मोकळा झालो असतो. तिनं मला उपयोगाची गोष्ट सांगितली. म्हणून मी ती ऐकली नाही.

पुढे महिना-दीड महिना गेला असेल. रंगांच्या रेसिपी, म्हणजे कोणत्या छटेला कोणता रंग किती टक्के, या सर्व्हरवर एका फोल्डरमध्ये असायच्या. एका छटेची एक फाईल, मशीन तीच वाचून रंग सोडायचं. जुन्या झालेल्या काही फाईली मला पुसायच्या होत्या. आज्ञेत 'जुन्या' अशा अर्थाचा शब्द आणि त्याला चिकटून ताऱ्याची खूण, म्हणजे त्या शब्दानं सुरू होणाऱ्या सगळ्या फाईली. माझा हात फास्ट होता. शब्द आणि तारा यांच्यामध्ये एक रिकामी जागा पडली. नुसता तारा म्हणजे सगळं. मी न वाचता सही केली.

दहा मिनिटांनी मिश्राजी धावत आले. सात नंबरला रेसिपी मिळत नाही, चारलाही नाही. बॅकअप बघायला गेलो तर बॅकअपची डिस्क भरून कधीच बंद पडलेली. डिस्क भरल्याच्या सूचना रोज माझ्या मेलवर येत होत्या, मी उघडत नव्हतो. मशीनं एकामागून एक थांबायला लागली. त्या खोलीत कधी शांतता नसायची, खालच्या जेटचा आवाज जमिनीतून यायचा. त्या दिवशी तो आवाज थांबलेला मी ऐकला.

विरलभाई आले. "कोणे कर्युं?"

माझ्या मनात काय चाललं होतं ते सांगायला लाज वाटते. मी विचार करत होतो की टिंबाच्या फाईलींवर ढकलता येईल. अहिराणी नावं, गोंधळ, कोणाला काय कळणार.

"हेमंतभाऊकडून पुसलं गेलं," निर्मला म्हणाली. आवाज नेहमीचाच. "चुकून. आज्ञा मी बघितली, एक जागा जास्त पडली. आणि बॅकअप बंद होतं, ते आमच्या दोघांच्या लक्षात आलं नाही. लॅबमध्ये कार्डं आहेत. आम्ही भरून काढतो."

तिनं मला वाचवलं नाही आणि बुडवलंही नाही. जे झालं तेवढंच सांगितलं. फक्त बॅकअपचं अर्धं तिनं स्वतःकडे घेतलं, जे तिचं नव्हतं. विरलभाई मला काय बोलले ते लिहीत नाही. गुजरातीत माणूस हळू आवाजात बोलला तरी लागतं.

लॅबमधून कार्डांचे सगळे खोके आले. प्रत्येक कार्डावर कापडाचा तुकडा टाचलेला आणि मिश्राजींच्या अक्षरात रेसिपी. मी म्हणालो, "ताई, मी टाइप करतो, तुम्ही वाचा. माझं लवकर होईल."

"तू वाच," ती म्हणाली.

नऊ दिवस मी वाचत होतो आणि ती लिहीत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी एक कार्ड वाचलं, आकडे सांगितले. तिनं लिहिलं, हात मांडीवर ठेवला आणि मग एंटर दाबायच्या ऐवजी हात पुढे केला. "कार्ड दे." कापडाचा तुकडा उजेडात धरला. "हे राणी रंगाचं आहे. तू सांगितलंस ती जांभळ्याची रेसिपी. एवढा निळा राणीत कशाला जाईल?" मी दोन कार्डं एकदम उचलली होती, तुकडा एकाचा, आकडे दुसऱ्याचे. अकरा वर्षं एम्ब्रॉयडरीत दोरे निवडले होते तिनं. आकड्यांमधून तिला रंग दिसत होता. मी सहा वर्षं त्याच फाईली हाताळल्या होत्या, मला फक्त आकडे दिसले होते.

तिसऱ्या दिवशी तिनं त्या कामाचंही बारसं केलं. चार आकडे लिहायचे, बाकीची फाईल आपोआप बनायची, आणि बेरजेत गडबड असली तर फाईल बनायचीच नाही. त्या फंक्शनचं नाव ठेवलं 'हेमंता'.

"माझं नाव कशाला?" मी विचारलं.

"तू वाचतोस म्हणून." आणि पहिल्यांदाच थोडं हसली. "आणि तुझं नाव असलं म्हणजे तू लक्ष देशील."

नवव्या दिवशी शेवटचं कार्ड संपलं तेव्हा मिश्राजींनी पेढे आणले. पहिला पेढा तिला दिला, दुसरा मला. मी खाल्ला. खरं सांगतो, मला पश्चात्ताप होत होता, पण त्याच्या खाली ते जुनं दुखणं तसंच होतं. नऊ दिवस शेजारी बसून मी तिच्या डोक्यात काम कसं चालतं ते बघितलं होतं. आधी मला वाटायचं, तिला दोन युक्त्या माहीत आहेत. आता कळलं की ते तसं नव्हतं. हे कळल्यावर माणसानं निवळावं. मी जास्त जळलो.

त्या वर्षी नवीन मशीनं बसवायला एका कंपनीचा इंजिनिअर आला होता, पुण्याचा. महिनाभर आमच्याच खोलीत बसायचा. जाण्याआधी त्यानं मला बाहेर नेऊन विचारलं, "बोरसेबाई कशा आहेत कामाला? आम्हाला मिलमध्ये जाऊन सिस्टीम बसवणारी माणसं हवी आहेत."

"बऱ्या आहेत," मी म्हणालो. "पण सगळं अहिराणीत लिहितात. तुमच्या लोकांना समजणार नाही."

तो हसला. "मला समजलं की. ऊठ म्हणजे ऊठ."

ती त्या कंपनीत गेली तेव्हा मी निरोपाचं भाषण केलं. चांगलं केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिनं जाताना तिची टिंबाची फाईल सगळ्यांना वाचता येईल अशा जागी ठेवली. पुसलेली ती पहिली ओळ तिच्या फाईलमध्ये तशीच होती. मी पुसली होती ती माझ्या प्रतीत.

त्यानंतर मी तिला एकदाच बघितलं, दोन वर्षांनी. हजीऱ्याच्या रस्त्याला एक नवीन मिल सुरू होत होती, तिथं विरलभाईंनी मला कसलंतरी मशीन बघायला पाठवलं होतं. मोठी शेड, सगळं नवं, रंगाचा वास अजून भिंतीचा, कापडाचा नाही. टोकाला एका पॅनेलसमोर चार-पाच इंजिनिअर उभे होते, वीस-बावीस वर्षांची पोरंपोरी, डोक्यावर पिवळ्या टोप्या. मध्ये स्टुलावर निर्मला. तिच्याही डोक्यावर टोपी, खाली वेणी. एक मुलगी तिला पडद्यावर काहीतरी दाखवत होती. निर्मलाला ते माहीत नसावं. तिनं दोनदा विचारलं, मुलीनं पुन्हा करून दाखवलं, आणि मग निर्मला एवढ्या मोठ्यानं हसली, टाळी वाजवून, की शेडमध्ये आवाज घुमला. आपल्याला एवढी साधी गोष्ट येत नव्हती याचा तिला आनंद झाला होता. मी खांबाजवळ उभा राहून ते बघितलं. मला कोणी असं काही शिकवलं तर मी आधी म्हणतो, हो, माहिती आहे.

तिनं मला पाहिलं. "हेमंता!" तिथूनच इकडं बोलावत ओरडली. "आठे ये, आठे ये! बघ ही काय करी राह्यनी!"

मी हात वर केला. मग मनगटावरचं घड्याळ दाखवलं, घाई आहे अशी खूण केली. घाई काही नव्हती. वळलो आणि शेडच्या दारापर्यंत गेलो. तिथून मागे बघितलं. वाटलं होतं, ती बघत असेल.

ती पडद्याकडे वळली होती. ती मुलगी बोलत होती आणि निर्मला मान पुढे काढून ऐकत होती.